पहिल्या आवृत्तीची साक्ष : आबे मॅकगेगन यांचा आयर्लंडचा इतिहास आणि मराठी संशोधनाची एक सवय

१

जुन्या ग्रंथांचा व्यवहार करणाऱ्या युरोपीय विक्रेत्यांच्या याद्यांत अठराव्या शतकातील एका फ्रेंच ग्रंथाची नोंद अधूनमधून आढळते. ग्रंथाचे नाव 'इस्त्वार द लिर्लांद, आन्सिएन ए मॉडेर्न', म्हणजे 'आयर्लंडचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास'. लेखक आबे जेम्स मॅकगेगन. खंड तीन. आकार क्वार्टो, म्हणजे कागदाच्या तावाला दोन घड्या घालून तयार होणारा. पहिला खंड पॅरिस, १७५८. दुसरा पॅरिस, १७६२. तिसरा ॲमस्टरडॅम, १७६३. पुढे बांधणी मूळची की नंतरची, पाने पूर्ण की अपुरी, पूर्वीच्या मालकाची खूण आहे की नाही, असा तपशील येतो आणि अखेरीस 'पहिली आवृत्ती, दुर्मिळ' हे शब्द येतात. ग्राहक किंमत मोजतो ती बहुधा या शेवटच्या शब्दांसाठी.

साहित्याच्या अभ्यासकाने हीच नोंद वाचली तर त्याचे लक्ष मात्र 'दुर्मिळ' या शब्दाच्या आधीच थांबावयास हवे. लेखक आयरिश आहे, तर ग्रंथ फ्रेंचमध्ये का? विषय आयर्लंड आहे, तर मुद्रण पॅरिसला का? आणि एकाच ग्रंथाचे दोन खंड एका शहराच्या नावाने व तिसरा दुसऱ्या देशातील शहराच्या नावाने का निघावा? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की ग्रंथातील मजकुराइतकेच महत्त्वाचे असे काही हाती लागते. हा इतिहास कोणासाठी, कोणाच्या आश्रयाने आणि कोणत्या दडपणाखाली लिहिला गेला, याची साक्ष त्याच्या शीर्षकपृष्ठांवर आणि अर्पणपत्रिकेत नोंदलेली आहे. ही साक्ष नंतरच्या भाषांतरांत व पुनर्मुद्रणांत पुसट होत गेली.

मराठीच्या विद्यापीठीय संशोधनात पहिल्या आवृत्तीकडे पाहण्याची दृष्टी सामान्यतः दोन टोकांची असते. एक तर ती ग्रंथप्रेमी संग्राहकाच्या हौसेची वस्तू मानली जाते, किंवा प्रबंधाच्या संदर्भसूचीत कंसात टाकावयाचा एक सनाचा आकडा मानला जातो. ती पुरावा आहे आणि पुराव्यासारखीच तिची तपासणी झाली पाहिजे, हा विचार अभावानेच दिसतो. मॅकगेगन यांच्या ग्रंथाचा इतिहास या सवयीविरुद्ध उभे राहणारे एक ठसठशीत उदाहरण आहे. तो परका आहे, हीच त्याची सोय. आपल्या ग्रंथांबाबत जे सवयीने दिसेनासे होते, ते परक्या ग्रंथाबाबत स्वच्छ दिसते.

२

१६९१ च्या ऑक्टोबरमध्ये लिमरिकचा तह झाला आणि पदच्युत राजा दुसरा जेम्स याच्या बाजूने लढणाऱ्या आयरिश सैन्याचा प्रतिकार संपला. तहाच्या अटींनुसार सुमारे १४,००० सैनिक पॅट्रिक सार्सफील्ड याच्या नेतृत्वाखाली फ्रान्सला गेले. फ्रेंच राजाच्या सेवेतील 'आयरिश ब्रिगेड' पुढची शंभर वर्षे टिकली. मागे राहिलेल्या कॅथलिक समाजावर निर्बंधांचे कायदे आले. १६९५ च्या कायद्याने कॅथलिकांना मायदेशात शाळा चालविण्यास मनाई झाली. मुलांना कॅथलिक शिक्षणासाठी परदेशी पाठविणे हाही गुन्हा ठरला.

जेम्स मॅकगेगन यांचा जन्म १७०२ चा, वेस्टमीथ परगण्यातील उश्नाख परिसरातला. घराणे जुने आणि सरदारी परंपरेचे. ज्या शिक्षणाला मायदेशी बंदी होती ते घेण्यासाठी ते तरुणपणी फ्रान्सला गेले, तेथे धर्मगुरू झाले, पॅरिसमधील आयरिश विद्यार्थ्यांच्या 'कोलेज दे लोंबार' या संस्थेच्या व्यवस्थेत त्यांनी काम केले आणि आयरिश पलटणींचे धर्मोपदेशक म्हणूनही ते राहिले. आयर्लंडचा हा इतिहास त्यांनी अर्पण केला तो याच सैनिकांना. कोणा राजाला, सरदाराला किंवा धर्मपीठाला नव्हे, परक्या राजाच्या चाकरीत असलेल्या आपल्या देशबांधवांच्या फौजेला केलेले हे अर्पण आहे. ग्रंथाचा उद्दिष्ट वाचक त्याने पहिल्याच पानावर ठरवून दिलेला आहे.

त्याच्या भाषेचा प्रश्न या अर्पणापासून वेगळा काढता येत नाही. मॅकगेगन यांच्यापूर्वी आयरिश इतिहासलेखनाने दोन मार्ग अवलंबिले होते. जेफ्री कीटिंग यांनी १६३० नंतरच्या वर्षांत आयर्लंडचा इतिहास आयरिश भाषेत सिद्ध केला. तो हस्तलिखित प्रतींतून दूरवर पसरला, पण छापखान्यापर्यंत मूळ भाषेत पोहोचण्यास त्याला एकोणिसावे शतक उजाडावे लागले; संपूर्ण मूळ संहिता तर विसाव्या शतकाच्या आरंभी छापली गेली. १७२३ साली लंडनला त्याचे इंग्रजी भाषांतर मात्र निघाले होते. दुसरा मार्ग लॅटिनचा. फिलिप ओसलिव्हन बेअर यांचा ग्रंथ १६२१ साली लिस्बनला छापला गेला, जॉन लिंच यांचा १६६२ साली. आयरिशमधील ग्रंथ देशात वाचला जाई, पण छापला जात नसे. लॅटिनमधील ग्रंथ छापला जाई, पण युरोपातील विद्वान धर्मगुरूंच्या वर्तुळाबाहेर तो फारसा जात नसे.

अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच ही युरोपातील दरबारांची आणि सुशिक्षितांची भाषा होती. आयरिश पलटणींतील जे अधिकारी फ्रान्समध्येच जन्मले व वाढले, त्यांच्या व्यवहाराचीही ती भाषा होती. फ्रेंचमध्ये लिहिणे म्हणजे एकाच वेळी दोघांशी बोलणे होते. देशोधडीला लागलेल्यांच्या पुढच्या पिढीला 'तुम्ही कोण' हे सांगावयाचे होते, आणि ज्यांच्या अन्नावर ही पिढी वाढली त्या यजमानांना 'हे कोण' हे सांगावयाचे होते. मायदेशातील सामान्य आयरिश माणूस या ग्रंथाचा विषय होता. त्याचा वाचक मात्र तो नव्हता. कोणत्याही राष्ट्रीय इतिहासाबाबत हे विधान करणे सोपे नाही. येथे ते शीर्षकपृष्ठाच्या आणि अर्पणपत्रिकेच्या आधाराने करता येते.

साधनांचीही अशीच परागंदा अवस्था होती. लेकनचा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध असलेले मध्ययुगीन आयरिश हस्तलिखित त्या काळी पॅरिसमधील आयरिश विद्यार्थ्यांच्या संस्थेतच होते. १७८७ साली ते डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीकडे परत गेले. इतिहासकार, त्याचा वाचक आणि त्याचे एक मोठे साधन, असे तिघेही एकाच परक्या नगरात होते. 'पॅरिस' हा शीर्षकपृष्ठावरील शब्द निव्वळ मुद्रणस्थळ सांगत नाही, तो असा.

३

शीर्षकात आणखी एक भाग आहे. हा इतिहास 'अत्यंत अस्सल साधनांवरून काढलेला' आहे, असा दावा नावातच केलेला आहे. ज्यांना राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे १८९८ मध्ये निघालेले पहिले पुस्तक ठाऊक आहे, त्यांना 'साधन' या शब्दाची धार वेगळी समजावून देण्याची गरज नाही. जित समाजाचा इतिहासकार जेव्हा अस्सलपणाचा उच्चार करतो, तेव्हा तो जेत्याच्या इतिहासाला दिलेला जबाब असतो. बाराव्या शतकातील गेराल्डस कँब्रेन्सिस याच्यापासून आयरिश लोक रानटी असल्याचे वर्णन इंग्रज बाजूच्या लेखनात रूढ झाले होते. कीटिंग आणि लिंच यांनी त्याला उत्तरे दिली होती. मॅकगेगन त्याच मालिकेतले. शिवाय १७५४ पासून डेव्हिड ह्यूम यांच्या इंग्लंडच्या इतिहासाचे खंड निघू लागले होते आणि १६४१ च्या आयरिश उठावाचे त्यांतील चित्रण आयरिश कॅथलिक विद्वानांना बोचले होते. १७५८ हा सन या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे तो केवळ सन राहत नाही.

अस्सलपणाचा दावा करणारा ग्रंथ सर्वत्र अस्सलच असतो, असे मात्र नाही. मॅकगेगन यांच्या ग्रंथातील सर्वांत गाजलेले विधान आकड्याचे आहे. १६९१ पासून १७४५ पर्यंत, म्हणजे फोंतन्वाच्या लढाईच्या वर्षापर्यंत, फ्रान्सच्या सेवेत ४,५०,००० हून अधिक आयरिश माणसे मरण पावली, असे ते युद्धखात्यातील हिशेबांचा हवाला देऊन सांगतात. आजचे इतिहासकार हा आकडा फार फुगलेला मानतात. तरीही एकोणिसाव्या शतकातील आयरिश राष्ट्रवादी लेखनात तो पुनःपुन्हा आला आणि पुष्कळदा त्याचा मूळ हवाला मागे राहून निव्वळ आकडा पुढे गेला.

अशा आकड्याचे संशोधकाने काय करावे? तो खोटा म्हणून टाकून दिला तर अर्धेच काम होते. फोंतन्वाची लढाई ११ मे १७४५ ची. तीत आयरिश पलटणींनी फ्रान्सला मिळवून दिलेले यश ताजे होते. ग्रंथ त्याच पलटणींना अर्पण आहे आणि यजमान वाचक फ्रेंच आहे. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्या आकड्याचे काम उमगते. रक्ताचे हे देणे आहे, असे त्या आकड्याने यजमानाला सांगितले जाते. लोकसंख्येचा पुरावा म्हणून तो आकडा दुबळा आहे, पण लेखक-वाचक संबंधाचा पुरावा म्हणून तो फार बोलका आहे. हे दुसरे वाचन करावयाचे तर तो आकडा प्रथम ज्या आवृत्तीत, ज्या भाषेत, ज्या वाचकासमोर आला, तेथे जाऊनच तो पाहावा लागतो.

तिसऱ्या खंडावरील 'ॲमस्टरडॅम' या शब्दाचेही असेच आहे. त्या काळच्या फ्रान्समध्ये मुद्रणपूर्व परवान्याची पद्धत होती. ज्या ग्रंथाला उघड राजमान्यता देणे अडचणीचे, परंतु ज्याला अडविण्याचीही इच्छा नाही, अशा ग्रंथांवर परदेशी शहराचे नाव घालून ते निघू देण्याचा प्रघात चांगलाच रुळलेला होता. मॅकगेगन यांचा तिसरा खंड स्टुअर्ट राजांच्या अखेरीपर्यंत आणि लिमरिकच्या तहापर्यंत येतो. पदच्युत घराण्याची बाजू आणि इंग्लंडने न पाळलेली वचने, हा त्याचा नाजूक भाग. तो निघाला १७६३ साली, आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत फ्रान्स व इंग्लंड यांच्यातील सात वर्षांचे युद्ध पॅरिसच्या तहाने संपले होते. हा खंड खरोखर ॲमस्टरडॅमला छापला गेला की शहराचे नाव पडद्यासारखे वापरले गेले, याचा निवाडा कागद, टाइप आणि अलंकारिक ठसे यांच्या तुलनेने व्हावयाचा. परंतु प्रश्न उपस्थित होतो तोच मुळी तीनही खंडांची शीर्षकपृष्ठे समोर ठेवल्यावर. 'पॅरिस, १७५८–६३' अशी एका ओळीची संदर्भनोंद करणारा अभ्यासक हा प्रश्नच नाहीसा करतो.

४

१८३१–३२ मध्ये डब्लिनला पॅट्रिक ओकेली यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मधल्या सत्तर वर्षांत सर्वच बदलले होते. फ्रान्समधील जुनी राजवट गेली होती, आयरिश ब्रिगेड विसर्जित झाली होती, आणि १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटची दारे उघडली होती. ज्या मायदेशाला हा ग्रंथ वाचता येत नव्हता, त्या मायदेशात तो आता परतला. परतला मात्र इंग्रजीत. कारण तेथील छापील व्यवहाराची भाषा तोवर इंग्रजी झाली होती. मजकूर तोच असला तरी संबोधन पालटले. पूर्वी 'आम्ही कोण' हे यजमानाला सांगणारा ग्रंथ आता आपल्याच लोकांना 'आपण कोण होतो' असे सांगू लागला.

पुढे १८६८ च्या सुमारास जॉन मिचेल यांनी लिमरिकच्या तहापासून स्वतःच्या काळापर्यंतचा आयर्लंडचा इतिहास लिहिला आणि आपला ग्रंथ हा आबे मॅकगेगन यांच्या इतिहासाचा पुढील भाग आहे, असे शीर्षकातच नमूद केले. मिचेल हेही परागंदाच. १८४८ मध्ये त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि १८५३ मध्ये निसटून ते अमेरिकेत पोहोचले होते. त्यानंतर अमेरिकेतील आयरिश वाचकांसाठी दोन्ही ग्रंथ जोडून छापले जाऊ लागले. या जोडग्रंथात मॅकगेगन हे मिचेल यांच्या जळजळीत राजकीय कथनाचा पूर्वरंग बनतात. पॅरिसमधील धर्मोपदेशकाची यजमानाविषयीची अदब, विद्वत्तेचा आव, अर्पणपत्रिकेतील फौजी अभिमान, हे सारे एका नव्या प्रयोजनात विरघळते. जोडग्रंथाच्या वाचकाला मॅकगेगन १८६८ चे वाटू लागतात. हा दोष मिचेल यांचा नव्हे. जोडग्रंथ वाचून मूळ ग्रंथाविषयी विधान करणाऱ्याचा तो दोष.

मॅकगेगन यांच्याच कुळातील एक जुनी गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. कॉनल मॅकगेगन यांनी १६२७ मध्ये क्लॉनमॅक्नॉइझची वार्षिक वृत्ते आयरिशमधून इंग्रजीत उतरविली. मूळ आयरिश ग्रंथ पुढे नष्ट झाला. आज आहे ते केवळ हे भाषांतर. एका घराण्यातील एकाचे भाषांतर मूळ ग्रंथ हरवल्यावर उरले, आणि दुसऱ्याचा मूळ ग्रंथ उपलब्ध असूनही भाषांतराखाली दडला. पहिल्या प्रसंगी अभ्यासक हतबल असतो. दुसऱ्या प्रसंगी तसे म्हणता येत नाही.

५

आयर्लंड मराठी वाचकाला अपरिचित नाही. न. चिं. केळकर यांनी 'आयर्लंडचा इतिहास' मराठीत लिहिला. आयरिश चळवळीकडे आरशासारखे पाहण्याची सवय टिळकयुगातील वृत्तपत्री लेखनाला होती. हा आरसा इंग्रजी ग्रंथांमार्फतच हाती आलेला होता. फ्रेंचमध्ये रचलेली, परक्या यजमानाला उद्देशून सांगितलेली आयर्लंडची एक कथा त्याच्या मागे आहे, ही जाणीव असती तर त्या तुलनेत एक अधिक सूक्ष्म प्रश्न शिरला असता. एखाद्या जनसमूहाचा इतिहास त्याच्या भाषेबाहेर लिहिला गेला म्हणजे त्याचे नेमके काय होते, हा तो प्रश्न.

मराठीच्या घरात या प्रश्नाची सामग्री भरपूर आहे. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला इंग्रजीत तीन खंडांत निघाला. १८३० च्या सुमारास डेव्हिड कॅपन यांनी बाबा साने यांच्या साहाय्याने त्याचे मराठी रूपांतर सिद्ध केले आणि त्याला नाव मिळाले 'बखर'. इंग्रजीत 'हिस्टरी' असलेला ग्रंथ मराठीत येताच बखर झाला. हा शब्द भाषांतरकारांची केवळ सोय होती, की मराठी वाचकाला ओळखीच्या वाङ्मयप्रकारात त्या ग्रंथाची प्रतिष्ठापना करण्याचा प्रयत्न होता? नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६० नंतरच्या दशकात त्यावर गाजलेली टीका लिहिली, ती 'ग्रँट डफच्या बखरीवर'च. इंग्रजी मूळ आणि मराठी बखर यांत लेखक-वाचक संबंध कसा पालटला, हा पीएच.डी.च्या योग्यतेचा विषय आहे. परंतु त्यासाठी दोन्ही ग्रंथांच्या आद्य आवृत्त्या, त्यांच्या प्रस्तावना, शीर्षकपृष्ठे आणि नेमणुकीचे पुस्तक म्हणून झालेला त्यांचा प्रवास समोर ठेवावा लागेल.

महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी'चे (१८७३) उदाहरण याहून थेट आहे. पुस्तकाचा गाभा धोंडीबा आणि जोतीराव यांच्या मराठी संवादाचा. प्रस्तावना इंग्रजीतही आहे आणि अर्पण आहे ते गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. पुण्यात निघालेल्या एका मराठी पुस्तकाने एकाच बांधणीत तीन वाचकांना हाक मारली आहे : शूद्रातिशूद्रांना मराठीत, राज्यकर्त्यांना इंग्रजीत, आणि समुद्रापलीकडच्या एका समाजाला अर्पणातून. केवळ संवादाचा उतारा नेमणुकीच्या संग्रहात वाचणाऱ्या विद्यार्थ्याला यांतील एकच हाक ऐकू येते. मॅकगेगन यांची अर्पणपत्रिका आणि फुले यांची अर्पणपत्रिका यांत काळाचे, धर्माचे आणि भूमिकेचे मोठे अंतर आहे. परंतु अर्पण हा मजकुराचाच भाग आहे, शिष्टाचाराचे कोरे पान नव्हे, हे दोन्हींकडे सारखेच खरे आहे.

फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची स्थिती क्लॉनमॅक्नॉइझसारखी. १६१६, १६४९ आणि १६५४ या तीन मुद्रणांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला निघालेली रोमी लिपीतील आवृत्ती आणि लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित, यांच्यावर अभ्यास उभा आहे. छापलेला ग्रंथ म्हणजे टिकलेला ग्रंथ, हा समज किती भाबडा आहे याचा याहून मोठा दाखला मराठीत नाही.

६

मराठी संशोधनाला पाठचिकित्सा नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या शुद्ध पाठासाठी एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या श्रमापासून महानुभावीय पोथ्यांच्या सकळ लिपीच्या उलगड्यापर्यंत ही परंपरा अभिमानास्पद आहे. प्रत कोणी लिहिली, कोठे, कोणासाठी, ती कोणाकडे राहिली, हे प्रश्न पोथीला आवर्जून विचारले जातात. छापील पुस्तक समोर आले की मात्र ते थांबतात. मुद्रण म्हणजे सर्व प्रती सारख्या, आणि सर्व आवृत्त्या म्हणजे एकच ग्रंथ, हे गृहीत धरले जाते. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून क्रमशः आल्या आणि मग पुस्तकरूप झाल्या. तेथे 'पहिली आवृत्ती' कोणती म्हणावयाची, हा साधा प्रश्नही प्रबंधांतून क्वचितच विचारला जातो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. साहित्यकृतीचा अर्थ कागदाच्या आकारात आणि मुद्रणस्थळात शोधू लागलो तर वाङ्मयीन मूल्याचे काय? चांगली कादंबरी कोणत्याही आवृत्तीत चांगलीच असते. हे म्हणणे आस्वादाच्या पातळीवर मान्य करावयास हरकत नाही. पण विद्यापीठीय संशोधन आस्वादावर थांबत नाही. ते लेखकाच्या हेतूविषयी, वाचकवर्गाविषयी, काळाच्या प्रभावाविषयी विधाने करते. अशा विधानांना पुरावा लागतो. १८६८ च्या जोडग्रंथावरून १७५८ च्या लेखकाचा हेतू ठरविणारा जसा चुकेल, तसाच नंतरच्या संपादित किंवा संक्षिप्त आवृत्तीवरून मूळ लेखकाच्या भूमिकेविषयी बोलणाराही चुकेल.

दुसरा आक्षेप साधनांच्या दुर्मिळतेचा. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात शिकविणाऱ्या अध्यापकाने जुन्या आवृत्त्या आणाव्यात कोठून? ही अडचण एके काळी खरी होती. आज अनेक जुन्या ग्रंथांच्या पानांची छायाचित्रे संगणकावर पाहावयास मिळतात. जेथे मूळ प्रत मिळणे अशक्य, तेथे कोणती आवृत्ती वापरली व मूळ का पाहता आली नाही, हे दोन वाक्यांत नमूद करणे तरी शक्य आहे. न पाहिलेल्या आवृत्तीचा सन सूचीत देणे मात्र अडचणीच्या सदरात बसत नाही; ती अप्रामाणिकता आहे, आणि ती विद्यार्थी आपल्या मार्गदर्शकांकडूनच शिकतो.

यासाठी मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. संशोधनपद्धतीच्या तासात प्रत्येक विद्यार्थ्याला एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून त्यांतील फरकांची टिपणी करावयास लावता येईल. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मुख्य ग्रंथांच्या वापरलेल्या आवृत्त्यांचे वर्णन सक्तीचे करता येईल : शीर्षकपृष्ठ, मुद्रक, अर्पण, प्रस्तावना, पुरवण्या, आणि पुढील आवृत्तीत गळलेला अथवा भर पडलेला भाग. ग्रंथालयांनी जुनी पुस्तके बांधावयास देताना वेष्टने, जाहिरातींची पाने आणि किंमतीचे शिक्के कापून टाकू नयेत, एवढी सूचना विभागप्रमुखाच्या एका पत्राने देता येईल. वापरात नाहीत म्हणून जुनी पुस्तके बाद करण्याची यादी निघते, तेव्हा ती मराठी विभागातील कोणीतरी वाचून पाहिल्याशिवाय मंजूर होऊ नये. बाद झालेल्या गठ्ठ्यात कोणत्या ग्रंथाची उरलेली अखेरची प्रत गेली, हे नंतर कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

विक्रेता आपल्या यादीत तीन खंडांची दोन शहरे वेगवेगळी नोंदवितो, कारण तसे न केल्यास ग्राहक त्याला फसवणुकीचा दोष देईल. प्रबंधाचा परीक्षक जोवर एवढ्याच काटेकोरपणे संदर्भसूची तपासून पाहत नाही आणि ती सदोष असल्यास प्रबंध परत पाठवीत नाही, तोवर ॲमस्टरडॅमसारखे शब्द मराठी ग्रंथांच्या शीर्षकपृष्ठांवरही न वाचलेलेच राहतील.